मेमध्ये उघडणारी भेग आणि कूलरमागची ओल

वाचकाचं पत्र

नमस्कार. नागपुरात मानेवाड्याला पंधराशे फुटांच्या प्लॉटवर आमचं वर-खाली घर आहे. 2014 साली ठेकेदाराकडून बांधून घेतलं. मागच्या, पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघते आणि पायऱ्या-पायऱ्यांनी घराच्या कोपऱ्याकडे उतरते. दोनदा पुट्टी भरली, दोन्ही वेळा उन्हाळ्यात परत उघडली. दिवाळीला केसाएवढी असते, आज तिच्यात रुपयाचं नाणं शिरतं. त्याच भिंतीला खालून अडीच फुटांपर्यंत पापुद्रे सुटतात, पांढरी भुकटी गादीवर पडते. वरच्या मजल्यावर स्लॅबला लागून आडवी भेग आहे. आणि परवा त्याच खिडकीच्या छज्ज्याचा ढलपा खाली उभ्या माझ्या स्कूटीच्या सीटवर पडला. आतली सळाख गंजलेली दिसते. ठेकेदार म्हणतो, "ताई, घर सेट होऊन राह्यलं, घाबरू नका." सगळ्या भेगांत केमिकल भरून बाहेरून टेक्स्चर पेंट मारायचे तो एक लाख पंच्याऐंशी हजार सांगतो, तेही पावसाच्या आत. यजमान म्हणतात, देऊन टाकू. दीर म्हणतात, कोपऱ्यापासून सहा फुटांवरचा कडुनिंब तोडा, सगळं त्यानेच होतंय. आमचं घर धोक्याचं आहे का?

— एक शिक्षिका, मानेवाडा

उत्तर

ताई, स्कूटी आजच तिथून हलवा. त्या खिडकीखाली दोरी बांधा, म्हणजे मुलं आणि कामवाल्या बाई तिथून जाणार नाहीत. तुमच्या अख्ख्या पत्रात आज धोक्याची म्हणावी अशी गोष्ट ती एकच, छज्जा. आणि ठेकेदाराच्या यादीत छज्ज्याचं नाव नाही!

तुमची भेग मात्र पत्रात स्वतःच बोलली आहे. दिवाळीला केसाएवढी, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नाण्याएवढी. घर "सेट" होतं तेव्हा ते एकाच दिशेने खाली बसतं. बहुतेक बसणं पहिल्या काही वर्षांत होतं आणि पडलेली भेग पावसाळ्यात मिटत नाही. दरवर्षी उघडते आणि दरवर्षी मिटते ती घराची भेग नव्हेच, ती खालच्या मातीची आहे. नागपूरच्या मोठ्या भागात, विशेषतः तुमच्या दक्षिणेकडच्या लेआउटमध्ये, शेतं मोडून प्लॉट पाडले. ती शेतं काळ्या मातीची होती. बेसॉल्टच्या, म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीत दिसतो त्या काळ्या दगडाच्या, झिजण्यातून ही माती तयार होते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. मे महिन्यात वावरातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला मी सांगायला नको. तुमचं घर त्याच वावरावर उभं आहे, फक्त वर टाइल्स आहेत.

ही माती साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत ऋतूप्रमाणे हलते, म्हणून हलक्या घराचा पाया उथळ असला की तो तिच्याबरोबर वर-खाली होतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठीच अंडर-रीम्ड पाइल रुळवले. हे खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले खांब हलत्या थराच्या खाली जाऊन घट्ट धरतात. तुमच्याकडे ते घातलेले नसणार. पंधराशे फुटांच्या प्लॉटवर ठेकेदार सहसा चार-पाच फूट खोदतो, मुरूम लागला की खूश होतो, नाही लागला तरी खूश होतो. झालं ते झालं. पाया आता बदलता येत नाही, पण त्याच्या भोवतालच्या मातीतला ओलावा बऱ्यापैकी एकसारखा ठेवता येतो. अशा घराची खरी देखभाल हीच.

अख्खी माती सारखी फुगली आणि सारखी आकसली असती तर तुमची भिंत फुटलीच नसती. घर बोटीसारखं वर-खाली झालं असतं, एवढंच. तुमचा पश्चिमेचा कोपरा बाकीच्यापेक्षा जास्त हलतो, त्याचीच ही तक्रार. तिथे दुपारचं ऊन आहे, कडुनिंब आहे आणि माझा अंदाज आहे की कूलरचं पाणी, वॉशिंग मशीनचं पाणी किंवा गच्चीच्या पन्हाळाचं पाणी त्याच बाजूला पडतं. तीन-चार महिने सुकलेली माती, मग एकदम वरून धो-धो पाणी.

कडुनिंबाबद्दल तुमचे दीर अर्धे बरोबर आहेत. मोठं झाड उन्हाळ्यात मुळांच्या आसपासची माती सुकवतं, आणि सहा फूट हे अंतर फारच कमी आहे. पण ते एकदम तोडलं तर त्याने इतकी वर्षं ओढून घेतलेलं पाणी मातीत परत मुरायला लागतं, माती फुगते आणि तोच कोपरा आता वर उचलला जातो. झाड तोडल्यावर उलट्या दिशेच्या भेगा पडलेली घरं मी पाहिली आहेत. शिवाय महापालिकेच्या परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे. दरवर्षी उन्हाळ्याआधी, म्हणजे फेब्रुवारीत, फांद्या हलक्या करा. पानं कमी तर तहान कमी. कोपरा आणि झाड यांच्यामध्ये चर खणून उभा काँक्रीटचा पडदा टाकता येतो, पण मुळं कापल्यावर झाड वादळात टिकेल का, हे आधी झाडांच्या जाणकाराला विचारा. तुमच्या यजमानांनी ते हौसेने लावलेलं असेल तर घरात त्यावरून भांडू नका, सगळा दोष त्याचा नाही.

पुट्टी दोनदा का निघाली? पुट्टी ताठ असते. उघड्या भेगेत ती भरली की पावसाळ्यात भेग मिटायला जाते, पुट्टी मध्ये अडते आणि बाहेर ढकलली जाते. एपॉक्सीचंही, म्हणजे दगडासारखं घट्ट होणाऱ्या रेझिनचंही, तेच. ते इतकं मजबूत असतं की भिंत त्याला तोडू शकत नाही, मग त्याच्या शेजारी चार इंचांवर नवी भेग पाडते. हलणाऱ्या भेगेत ताणलं जाणारं आणि दाबलं जाणारं सीलंट लागतं, तेही भेग ना पूर्ण उघडी ना पूर्ण मिटलेली असताना, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, आधी व्ही आकाराची खाच पाडून. ठेकेदाराला विचारा, "केमिकल म्हणजे कोणतं? डब्यावर नाव काय?" त्याने नुसतं "चांगलंवालं" म्हटलं तर चहा पाजून रवाना करा.

तोपर्यंत त्या भेगेला एक वही द्या. दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. मधोमध प्लास्टर ऑफ पॅरिसचा रुपयाएवढा ठिपका भेगेवर बसवा, भेग हलली की तो तडकतो. शेजारी पट्टी धरून फोटो काढा. एक आत्ता, एक पोळ्याच्या सुमारास, एक दिवाळीला, एक होळीला. तुम्ही शिक्षिका आहात, हजेरी घेणं तुम्हाला नवं नाही. भेग दरवर्षी तेवढीच उघडून तेवढीच मिटत असेल आणि पाच मिलिमीटरच्या आत असेल तर तो त्रास आहे, धोका नाही. पण ती वर्षागणिक रुंद होत गेली, दार अचानक अडायला लागलं, किंवा भेग कॉलमवर किंवा बीमवर दिसली, तर वही घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. ठेकेदाराकडे नव्हे.

आता पांढरी भुकटी. ताई, एक साधा प्रश्न. पाऊस बंद होऊन सात महिने झाले. मग मे महिन्यात भिंतीला ओल कुठून? ठेकेदार बाहेरून टेक्स्चर मारून पावसाचं पाणी अडवतो म्हणतो, पण जे पाणी आत्ता नाहीच ते अडवून काय होणार? पश्चिमेची खिडकी, बेडरूम, नागपूरचा मे, आणि तुम्ही पत्रात कूलरचा उल्लेख केला नाही. नागपूरकर कूलरचा उल्लेख करत नाहीत, जसा कोणी घरात हवा आहे असं सांगत नाही.

विदर्भातल्या ओल्या भिंतींपैकी निम्म्यांच्या मागे मला तरी कूलरच सापडतो. पॅडवरून शिंतोडे भिंतीवर उडतात, टाकी भरून वाहते कारण फ्लोट खराब असतो, खिडकीची सिल, म्हणजे खालची पट्टी, आतल्या बाजूला उतरती असते, आणि खालचा ड्रेनचा पाइप कुठेच नेलेला नसतो, तो भिंतीच्या पायथ्याशी टपटपतो. त्यात आपलं बोअरचं पाणी जड. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यामुळे टाकीतलं पाणी दिवसागणिक खारं होतं. तेच भिंतीने शोषलं, आत येऊन सुकलं, की क्षाराचे स्फटिक छपाईच्या मागे वाढतात आणि तिला ढकलून देतात. लोणा लागला म्हणतात तो हाच. आणि हे सगळं पाणी तुमच्या हलणाऱ्या कोपऱ्याच्या मातीत मुरतं, हे वेगळं सांगायला नको. एका कूलरने दोन तक्रारी.

खात्री करायची असेल तर दोन तपासण्या फुकटात होतात. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, घराच्या पाण्याच्या टाकीत पाणी भरणारा कॉकही बंद करा. सकाळी आकडा पुढे गेलेला असेल तर मीटरपासून टाकीपर्यंतची लाइन कुठेतरी गळते. टाकीच्या खालच्या नळ्यांसाठी टाकीतली पातळी खडूने आखून तसंच बघा. आणि ज्या भिंतीला ओल आहे तिच्या पलीकडे न्हाणी असेल तर आधी तिच्याकडेच बोट दाखवा. दुसरी तपासणी म्हणजे आठ दिवस कूलर दुसऱ्या खोलीत हलवायचा. नवतप्यात हे सांगणं क्रूरपणा आहे, मला कळतं. चार दिवस तरी करा. भुकटी थांबली तर चोर सापडला.

कूलर परत लावताना भिंतीवर ब्रॅकेट ठोकून नका लावू. जमिनीवर उभं राहणारं लोखंडी स्टँड घ्या, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, सिल बाहेरच्या बाजूला उतरती करा, ड्रेनचा पाइप थेट गडर लाइनपर्यंत, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनपर्यंत, न्या. आणि कूलरवाल्या पोराला छज्ज्यावर उभं राहू देऊ नका. त्याबद्दल खाली आणखी लिहितो.

भिंतीवरचा क्षार कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका. पुसलं की तो विरघळून परत आत जातो. त्यावर आतून वॉटरप्रूफ रंग मारणं तर सगळ्यात वाईट. भिंतीला श्वास घ्यायला जागा उरत नाही, ओल वरवर चढते आणि अडीच फुटांचे पापुद्रे साडेतीन फुटांवर निघतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा माझ्या एका नातेवाइकांच्या हॉलमध्ये तीन फूट पाणी होतं. दिवाळी दीड महिन्यावर आलेली. सणासुदीला घर भकास नको म्हणून त्यांनी रंग दिला. पुढच्या मार्चपर्यंत तो सगळा साल सुटल्यासारखा खाली आला. भिजलेली वीटभिंत आतून सुकायला महिने लागतात, ती पंचांग पाहत नाही. तुम्ही खराब छपाई ओलीच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत काढून टाका, हा अख्खा पावसाळा आणि दिवाळी तशीच उघडी राहू द्या, जानेवारीत परत छपाई करा. पाहुण्यांना सांगा, इंजिनिअरनं सांगितलंय.

वरच्या मजल्यावरची आडवी भेग मी दोन ओळींत संपवतो. स्लॅब उन्हाने लांबतो. दहा मीटरच्या स्लॅबचं तापमान तीस अंशांनी वाढलं तर तो साधारण तीन मिलिमीटर वाढतो, खालची भिंत वाढत नाही, जोडावर आडवी रेघ पडते. घाबरण्यासारखं काही नाही. गच्चीला पांढरा उन्हाविरोधी कोट किंवा साधा चुना द्या. रेघ पुसली जाणार नाही, पण वाढणार नाही आणि वरची खोलीही जरा थंड राहील. पाऊस यायच्या आत गच्चीची पन्हाळं साफ करा, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, खोबणीत पिंपळाचं रोप आलं असेल तर आत्ताच मुळासकट काढा, पुढच्या वर्षी ते तुम्हाला काढेल. गच्ची गळत नसेल तर तिला हात लावू नका. माझ्याच घरी वीस वर्षांपूर्वी मी शहाणपणा केला होता. गळणाऱ्या कोब्यावर नवी टाइल बसवली, पाणी टाइल आणि कोब्याच्या मध्ये अडकलं, आणि पुढची तीन वर्षं ते पाऊस नसतानाही खाली येत राहिलं. तेव्हा मी नुसता इंजिनिअर होतो, घरमालक नव्हतो.

आता छज्जा, नीट सांगतो.

सळाख काँक्रीटमध्ये सुरक्षित असते कारण काँक्रीट अल्कलीधर्मी असतं आणि सळाखीभोवती पातळ संरक्षक थर राखतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत जाऊन हा गुण मारतो. सळाखीवर काँक्रीटचं आवरण पुरेसं असेल तर या प्रवासाला दशकं लागतात. भारतीय मानकानुसार स्लॅबला किमान 20 मिलिमीटर आवरण हवं. ठेकेदार कव्हर ब्लॉकऐवजी, म्हणजे सळाख साच्यापासून वर धरणाऱ्या ठोकळ्याऐवजी, गिट्टीचा खडा सरकवतो, ओततेवेळी तो घसरतो, आणि सळाख थेट तळाला टेकते. मग कूलरचं आणि पावसाचं पाणी, मग गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, ती त्याला कोणी देत नाही, म्हणून तो ढलपा फोडून जागा घेतो.

त्यात एक मेख आहे. छज्जा एका बाजूने अधांतरी असतो, त्यामुळे त्याला धरून ठेवणारी मुख्य सळाख वरच्या बाजूला लागते, खाली नाही. सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यावर, मजूर चालले की ती पायाखाली दबून तळाला जाते. तुम्हाला खालून दिसणारी सळाख आडवी, म्हणजे भिंतीला समांतर असेल तर ती बहुधा दुय्यम. पण भिंतीतून बाहेर येणारी, भिंतीला काटकोनात असेल तर ती मुख्य सळाख खाली दबलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसा छज्जा दिसतो त्यापेक्षा खूप कमजोर असतो. मग त्यावर कूलरवाला पोरगा उभा राहणं म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलं असेल.

म्हणून काहीही फोडायच्या आधी खालून बल्लीचे टेकू लावून घ्या. नंतर हातोडीने हलकेच ठोकून पाहायचं. जिथे टणटण वाजतं ते ठीक, जिथे बद्द वाजतं ते सगळं काढायचं. सळाखीच्या मागे बोटभर जागा मोकळी होईपर्यंत खोदायचं, तारेच्या ब्रशने ती लखलखीत करायची. तिची जाडी पाव हिश्शापेक्षा जास्त खाल्ली गेली असेल तर शेजारी नवी सळाख जोडायची. मग गंजरोधक प्रायमर, त्यावर पॉलिमर मिसळलेला मसाला, आणि किमान आठवडाभर पाणी. नागपूरच्या उन्हात दहा-पंधरा दिवस पाणी मारलं तरी जास्त होत नाही. गोणपाट ओलं करून गुंडाळा. वर बाहेरच्या बाजूला उतार आणि खालच्या कडेला बोटभर रुंदीची खाच, म्हणजे पाणी मागे भिंतीकडे न येता तिथूनच गळून पडेल. साध्या सिमेंटचा लेप मारून रंग दिला तर गंज आत चालूच राहतो आणि पुढचा ढलपा मोठा निघतो. मुख्य सळाख खाली गेलेली निघाली तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, तो छज्जा उतरवून टाका. खिडकीवर पत्र्याच्या किंवा फायबरच्या शेडने भागतं.

बाकीच्या घराचे छज्जेही एकदा असेच वाजवून घ्या. एकाच ठेकेदाराने, एकाच दिवशी, एकाच सेंट्रिंगवर ते टाकले होते.

पैशांचं म्हणाल तर टेक्स्चर पेंट आत्ता पूर्ण वगळा. आत्ता फक्त छज्जा आणि कूलर, आणि गच्चीचं पन्हाळ पाइप लावून भिंतीपासून दूर नेणं. दिवाळीनंतर, माती ना कोरडी ना चिखल असताना, घराभोवती एक मीटर रुंद काँक्रीटचा पट्टा करून घ्या. प्लिंथ प्रोटेक्शन म्हणा म्हणजे ठेकेदाराला कळेल. खालची फूटभर काळी माती काढून तिथे मुरूम दाबून भरायचा, रेती नको, तिच्यातून पाणी थेट खाली जातं. उतार बाहेरच्या बाजूला, मीटरला अडीच सेंटिमीटर. भिंत आणि पट्ट्याच्या मधली फट डांबराने किंवा सीलंटने बुजवायची, नाहीतर सगळं पाणी नेमकं तिथून पायाच्या मातीत उतरतं. मे महिन्यात हा पट्टा टाकू नका, सुकलेल्या मातीवर टाकला तर जुलैत ती फुगते आणि पट्टाच तडकतो. कोणी सांगेल, उन्हाळ्यात पायाला पाणी द्या. देणारे देतात. पण एका कोपऱ्यात नळी सोडून ठेवण्यापेक्षा न दिलेलं बरं. ओलावा असमान करणं हाच तर आपला रोग आहे.

भेग, छपाई आणि मग शेवटी रंग, असा क्रम. रंगाला जानेवारी-फेब्रुवारी उजाडेल.

आणखी एक. कायद्याने ठेकेदाराकडून दुरुस्ती मिळेल का, असं तुम्ही विचारलं नाही, पण असे प्रश्न येतात म्हणून सांगतो. रेरा या घर-खरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यातली पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरने विकलेल्या घरांसाठी आहे. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घराला ती लागू होत नाही, आणि तुमची मुदत तशीही टळून गेली. ज्यांनी अलीकडे फ्लॅट घेतला आहे त्यांनी मात्र ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दोष लेखी कळवावा. कळवल्यापासून तीस दिवसांत बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोनवर बोलून "होऊन जाईल" ऐकत बसू नका.

छज्ज्याचे दोन फोटो मला पाठवा. एक खालून, सळाख कोणत्या दिशेला धावते हे दिसेल असा. दुसरा वरून, भिंतीला जिथे तो जोडला आहे तिथला, आणि तो काढायला छज्ज्यावर पाय ठेवू नका, वरच्या खोलीच्या खिडकीतूनच फोन बाहेर धरून काढा. जोडावर वरच्या बाजूला आडवी चीर दिसली तर माझ्या उत्तराची वाट न पाहता टेकू लावा.